पैसा, सरकार आणि आपलं बरं वाटणं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात जागतिक आनंद अहवालावर एक छोटंसं टिपण आलं होतं, २०२५ च्या यादीत फिनलंड सलग आठव्यांदा पहिला आणि भारत १४७ देशांत ११८ वा, एवढंच होतं त्यात. पण त्यावर इतके मेल आणि मेसेज आलेत की संपादक म्हणाले आता तुम्हीच निस्तरा. सगळ्यांना जागा नाहीये, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि बऱ्याच जणांनी घरातलं लिहिलंय म्हणून नावं काढून फक्त गावं ठेवलीत.

प्रश्न (ठाणे) : पाकिस्तान १०९ वा, नेपाळ ९२ वा, अहो पॅलेस्टाईनसुद्धा १०८ वा आणि आपण ११८ वे. जिथे पिठासाठी रांगा लागतात ते लोक आपल्यापेक्षा सुखी? हा सगळा भारताला खाली दाखवायचा धंदा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मत असू द्या, पण तो नंबर येतो कसा ते आधी बघू, कारण टीव्हीवरच्या चर्चेतसुद्धा हे सर्रास चुकीचं सांगतात. गॅलप नावाच्या सर्वेक्षण कंपनीचे लोक माणसाला एक शिडी डोळ्यासमोर आणायला सांगतात, खाली शून्य, वर दहा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्या मते तुमचं चांगल्यात चांगलं आयुष्य, तळाची म्हणजे वाईटात वाईट, आणि मग विचारतात की आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात. हॅडली कॅन्ट्रिल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडलेली ही पद्धत आहे. लोकांनी जे आकडे सांगितले त्याची तीन वर्षांची सरासरी काढली की झाला रँक. दरडोई उत्पन्न, भ्रष्टाचार, दानधर्म वगैरे ज्या सहा गोष्टी पेपरात छापून येतात ना, त्यावरून रँक काढतच नाहीत, रँक निघाल्यावर देशादेशांत फरक का पडला असेल हे समजावायला त्या वापरतात. म्हणजे आपल्याला कमी मार्क कुणा गोऱ्या साहेबाने दिलेले नाहीत, आपल्याच लोकांनी आपल्या आयुष्याला दिलेत.

आता तुमचं अर्धं म्हणणं मान्य. बहुतेक देशांत वर्षाला साधारण हजारभर लोकांनाच विचारतात, आणि खालच्या अर्ध्या भागात देश इतके चिकटून आहेत की पाकिस्तान आणि आपल्यात अर्ध्या पायरीचासुद्धा फरक नाहीये. त्यामुळे कोण आपल्या वर, कोण खाली यावर रक्त आटवण्यात अर्थ नाही. मला खुपतं ते दुसरंच. आपण आपल्याशीच तुलना करू ना, २००६ ते ०८ च्या सुमारास भारतातले लोक स्वतःला पाचव्या पायरीच्या आसपास ठेवत होते, २०१९ ला ते साडेतीनच्याही खाली गेले, आता परत चार-साडेचारवर आलेत. आणि ह्याच काळात दरडोई उत्पन्न कुठच्या कुठे गेलं, फोन आले, रस्ते आले, गावागावात गॅस आला. इजिप्तमध्ये २०११ च्या उठावाच्या आधी असंच चाललेलं, जीडीपी वर आणि ‘आमचं बरं चाललंय’ म्हणणारे कमी कमी होत गेलेले. तेव्हा ते आकडे कुणी फारसे मनावर घेतले नाहीत.

प्रश्न (वाळवा तालुका) : आमचा ऊस आहे. वर्षाचा हिशोब लावला तर खाऊनपिऊन बरं आहे, कुणाचं देणं बुडवलेलं नाही. तरी ऊस तुटेपर्यंत वडील नुसते चिडलेले, आईवर ओरडतात, साधी साधी कामं विसरतात, बँकेचा कागद दोनदा चुकीचा भरला. ऊस जाऊन बिल जमा झालं की माणूसच वेगळा. हे पैशाचं आहे की स्वभावाचं?

तुम्ही जे घरात बघताय तेच तमिळनाडूत मोजून बघितलंय, आणि तेही उसवाल्यांवरच. सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि त्यांचे दोन सहकारी यांचा हा अभ्यास, २०१३ ला छापून आला. ४६४ शेतकरी घेतले आणि एकाच माणसाची दोनदा परीक्षा घेतली, एकदा ऊस जायच्या आधी हातात पैसा नसताना, एकदा पैसे आल्यावर. परीक्षा म्हणजे अक्षरओळख लागत नाही अशी चित्रांची कोडी, आणि पटकन लक्ष द्यायला लावणारे छोटे खेळ. तोच माणूस, तेच डोकं, पण पैसे यायच्या आधी उत्तरं कमी आणि चुका जास्त. मग कुणी म्हणेल की कापणीच्या आधी कामच जास्त असतं, थकवा असेल, हवामान असेल. तर ऊस ह्यासाठीच घेतलेला, की कारखान्याची गाळपाची ताकद ठराविक असते त्यामुळे सगळ्यांचा ऊस एकाच आठवड्यात जात नाही, तोडीचा नंबर येईल तसा तीन-चार महिने पुढेमागे जातो, म्हणजे त्याच दिवसात एकाचे पैसे आलेले असतात आणि बांधाला बांध असलेल्याचे आलेले नसतात. तोडीचा प्रोग्रॅम काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा वडिलांचा स्वभाव नका काढू. सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, पोरांची फी, तोडणीची टोळी कधी येणार, आली तर चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, काय द्यायचं, ऊस पडला तर वजन किती घटणार, हे सगळं एकाच डोक्यात सतत चालू असताना बँकेच्या कागदाला जागा कुठे उरते. आणि आडसाली लागण असेल तर सोळा ते अठरा महिन्यांनी एकदा पैसा बघायचा. पगारदार माणसाला ह्याची कल्पना येत नाही, त्याच्या खात्यात एक तारखेला मेसेज वाजतो.

ह्यात राजकारण कुठे आलं ते पण बघा, कारण निम्मे लोक मला लिहितात की सुख मनात असतं, सरकारचा काय संबंध. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. कागदावर इतका स्वच्छ नियम आहे. तरी दर हंगामात थकबाकीवरून आंदोलनं, काटा बंद, ट्रॅक्टरची हवा सोडणं. २०२२ ला राज्य सरकारने एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान भाव, दोन हप्त्यात द्यायची मुभा दिली, २०२५ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला आणि पुन्हा एकरकमी देणं आलं. आता एकरकमी आणि हप्ते, टोटल केली तर रक्कम तीच आहे की. मग लोक रस्त्यावर का उतरतात? कारण पैसे ‘कधी’ येणार हे माहीत असणं ही स्वतःच एक किंमत असलेली गोष्ट आहे, आणि ती जीडीपीत कुठेही धरली जात नाही. माझं सगळं म्हणणं खरं तर इथेच येऊन थांबतं, किती मिळतंय ह्यापेक्षा भरवसा किती आहे हे माणसाला जास्त पोखरतं किंवा सावरतं, पुढच्या उत्तरांत पण तुम्हाला तेच दिसेल.

तुमच्या घरापुरतं एकच सांगते, मोठे निर्णय, म्हणजे जमिनीचा व्यवहार, लग्नाचा खर्च, नवीन कर्ज, हे ऊस जायच्या आधीच्या दिवसात अजिबात करू नका. बिल जमा होऊन महिना जाऊ द्या आणि मग बसा.

प्रश्न (नाशिक) : सरळ विचारतो, पैशाने सुख मिळतं का? हो की नाही.

हो. ज्याच्याकडे नाही त्याला जास्त, ज्याच्याकडे आहे त्याला कमी कमी, पण हो. साधारण गणित असं आहे की दहा हजाराचे वीस हजार झाल्यावर शिडीवर माणूस जेवढा चढतो तेवढंच चढायला एक लाखवाल्याला दोन लाख लागतात. १९७४ ला रिचर्ड ईस्टरलिन म्हणाले की देश श्रीमंत होत जातो तरी लोक त्या प्रमाणात सुखी होत नाहीत, त्यावर अर्थशास्त्रज्ञ आजपर्यंत भांडतायत. डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांचा २०१० चा ७५ हजार डॉलरचा आकडा तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचला असेल, की त्याच्या वर पैसा वाढून रोजचं बरं वाटणं वाढत नाही. तो फॉरवर्ड अजून फिरतोय, पण २०२३ ला काहनेमन यांनीच दुसऱ्यांबरोबर बसून तो दुरुस्त केला, बहुतेकांच्या बाबतीत पैसा वाढला की बरं वाटणं वाढतच राहतं, फक्त जे मुळातच खूप दुःखी आहेत त्यांना एका रकमेनंतर पैशाचा उपयोग होत नाही.

प्रश्न (पुणे, सदाशिव पेठ) : मॅडम, वय २७, स्पर्धा परीक्षेची तयारी. घरून पैसे येतात, मेस आहे, कॉट आहे, उपाशी नाही. पेठेत असतो तोवर ठीक असतं, मित्र सगळे तसलेच. पण गणपतीला गावी गेलो की दोन दिवसात जीव गुदमरतो, परत यावंसं वाटतं. पैशाची अडचण नसताना इतकं वाईट का वाटावं?

अरे, तुझ्या प्रश्नातच एक अख्खा शोधनिबंध आहे. अँड्र्यू क्लार्क आणि अँड्र्यू ऑस्वल्ड यांनी १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या हजारो लोकांची माहिती तपासली, त्यात बेकारीचा मनावर होणारा परिणाम घटस्फोटापेक्षाही वाईट निघाला. आणि हा परिणाम उत्पन्न गेल्यामुळे जेवढा व्हायला हवा त्याच्या कितीतरी जास्त, म्हणजे पैसे तेवढेच दिले तरी भोक बुजत नाही. नंतर क्लार्क यांनी अजून एक गोष्ट दाखवली, ज्या भागात बेकारी जास्त तिथे एकेका बेकाराला कमी टोचतं, कारण आजूबाजूला सगळे तसेच. ही तुझी पेठ. आणि गावी गेल्यावर दहावीला तुझ्या मागे असलेला मुलगा स्वतःच्या जेसीबीवर बसलेला दिसतो, आत्या विचारते काय रे रिझल्ट कधी, आणि लग्नाचा विषय निघाला की सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागतात.

पण पेठेत टोचत नाही म्हणून तिथे सगळं बरं आहे असं समजू नकोस. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाचं एक गाव होतं, सगळं गाव एका कापड गिरणीवर, आणि १९२९-३० मध्ये मंदीत गिरणी बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझर्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण संशोधक तिथे गेले आणि त्यांनी बारीक बारीक गोष्टी मोजल्या. रस्त्याने माणसं किती वेगाने चालतात, कितीदा थांबतात, हे सुद्धा. त्यांना वाटलेलं रिकामा वेळ आहे म्हणजे लोक वाचतील, सभांना जातील, क्रांती वगैरे करतील. झालं उलटंच, लायब्ररीतून पुस्तकं नेणं दोन वर्षात निम्म्यावर आलं, आणि तेही पुस्तकं फुकट मिळत असताना. पुरुष हळू चालायला लागले, सारखे थांबायला लागले, दिवसभरात काय केलं विचारलं तर त्यांना सांगताच येईना. बायका मात्र पटपट चालत होत्या कारण घरकाम काही बंद झालेलं नव्हतं. मला ह्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की नोकरी पगाराशिवाय पण खूप काही देते, दिवसाला आकार, चार माणसांत जाणं, कुणालातरी आपली गरज आहे ही जाणीव, आणि ‘काय करता’ ह्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर.

म्हणून तुला म्हणते, अभ्यास चालू ठेवायचा तर ठेव, पण आठवड्यातले थोडे तास कुठेतरी काम कर. क्लासमध्ये पेपर तपासायचं असू दे, दुकानात हिशोबाचं असू दे, पैशासाठी नाही, त्या बाकीच्या गोष्टींसाठी. आणि किती प्रयत्न देणार हा आकडा आत्ताच, डोकं शांत असताना, घरी सांगून टाक. तुझ्या वयाच्या पोरांनी पाठवलेली अजून काही पत्रं मी इथे छापत नाहीये कारण त्यात फार काळोख आहे, त्यांना आणि तुलाही सांगते, रात्री फारच वाईट विचार यायला लागले तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. लाजायचं काही कारण नाही.

जाता जाता, महागाई आणि बेकारीतलं काय जास्त वाईट, ह्यावर युरोप-अमेरिकेतला अभ्यास आहे २००१ चा, त्यात बेकारी एक टक्क्याने वाढली तर लोकांचं समाधान जितकं घटतं तितकं घटायला महागाई जवळपास पावणेदोन टक्क्यांनी वाढावी लागते. निवडणुकीत मात्र कांद्याचा भाव गाजतो, कारण कांदा सगळे खातात आणि बेकार असतो एकटा एकटा.

प्रश्न (डोंबिवली) : माझं इन्क्रिमेंट चांगलं झालेलं, आठवडाभर खुश होतो. मग ऑफिसातल्या एकाचं पॅकेज कळलं आणि तेव्हापासून झोप नाही. बायको म्हणते तुला कळलंच नसतं तर बरं झालं असतं. खरंय का?

नॉर्वेत हा प्रयोग अख्ख्या देशावर झालाय, म्हणजे करायला गेलं नव्हतं कुणी, होऊन गेला. तिथे कोणाचं उत्पन्न किती, टॅक्स किती, ही माहिती पूर्वीपासून सार्वजनिक, पण बघायची तर ऑफिसात जाऊन जाडजूड वह्या चाळा, त्यामुळे कोण जातंय. २००१ च्या शरद ऋतूत वर्तमानपत्रांनी ते सगळं इंटरनेटवर टाकलं. नाव टाईप करा, शेजाऱ्याचं उत्पन्न बघा. लोक अक्षरशः तुटून पडले, मेव्हणा, बॉस, जुनी मैत्रीण, मुलाच्या शाळेतले मास्तर, सगळ्यांचं बघून झालं. रिकार्डो पेरेझ-त्रुग्लिया यांनी त्याच्या आधीची आणि नंतरची सर्वेक्षणं तपासली, तर श्रीमंत आणि गरीब यांच्या सुखातलं अंतर २९ टक्क्यांनी रुंदावलेलं निघालं. कुणाच्या पगारात एक क्रोन इकडचा तिकडे झालेला नव्हता. मग २०१४ ला सरकारने एक नामी युक्ती केली, बघा हवं तेवढं, पण तुम्ही कुणाचं बघितलं हे त्या माणसाला कळणार. शोधणाऱ्यांची संख्या धाडकन खाली आली.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठातही असंच, पगाराची साईट आहे एवढं फक्त काही कर्मचाऱ्यांना कळवलं, ज्यांचा पगार आपल्या विभागातल्या मधल्या पगारापेक्षा कमी होता ते नाराज झाले, नवीन नोकरी शोधायला लागले. ज्यांचा जास्त होता ते खुश झाले का? नाही. काहीच फरक नाही. हे मला फार मजेशीर वाटतं, खाली असल्याचं दुःख होतं पण वर असल्याचा आनंद काही होत नाही.

तरी वहिनींचं मला पूर्ण पटत नाही. न कळण्यात सुख आहे म्हणून सगळ्यांनी गप्प बसायचं ठरवलं तर त्याच खुर्चीत बसणाऱ्या बाईला कमी पगार का, हा प्रश्न कधीच निघणार नाही, आणि मालकाला तेच हवं असतं. तुम्ही एक करा, त्या माणसाचं काम आणि तुमचं काम खरंच सारखं आहे का ते थंड डोक्याने बघा. असेल तर आकडा घेऊन साहेबाकडे जा. नसेल तर सोडा.

प्रश्न (अंबाजोगाई) : ताई, लाडकी बहीणचे दीड हजार येतात. सासरे म्हणतात सरकारने मतं विकत घेतली, फुकटाच्या पैशाने लोक आळशी होतात. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात पैसे दिसले, खरंच बरं वाटतं. मी चूक आहे का?

अजिबात नाही. आणि सासरेही सगळेच चुकीचे नाहीत, जुलै २०२४ ला योजना चालू झाली आणि नोव्हेंबरला निवडणूक होती, हे योगायोगाने झालं असं कुणी म्हणणार नाही. पण हेतू काय होता हा एक प्रश्न आणि पैशाने माणसाचं काय होतं हा वेगळा. केनियात गरीब घरांना कसलीही अट न घालता पैसे देऊन योहानेस हाऊसहोफर आणि जेरेमी शपिरो यांनी पैसे मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांची नीट तुलना केली, कुणाला द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. पैसे मिळालेल्यांचं खाणं सुधारलं, मनावरचा ताण कमी झाला, समाधान वाढलं, आणि दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. हे शेवटचं सासऱ्यांना वाचून दाखवा.

ह्याची दुसरी बाजूही त्याच गावांत दिसली, ज्यांच्या शेजाऱ्यांना पैसे मिळाले आणि ज्यांना नाही त्यांचं समाधान घटलं. आपल्याकडे पण तेच, दीड हजारापेक्षा ‘तिचं नाव आहे माझं का नाही’ ह्याने जास्त जीव जळतो. निवडणुकीत २१०० चा वायदा, मग पडताळणी, मग नावं वगळली, मग केवायसी, दर महिन्याला हप्ता येणार की नाही ह्याच्या बातम्या, म्हणजे एका हाताने दिलेला निवांतपणा त्याच हाताने काढून घ्यायचा. मला विचाराल तर २१०० नको, दीडच हजार ठेवा, पण तारीख पक्की ठेवा आणि नाव काढणार असाल तर का काढलं ते लेखी कळवा. महाराष्ट्राला हे काही नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली, पुढे १९७७ ला त्याचा कायदा झाला, आणि त्यातली खरी ताकद मजुरीच्या आकड्यात नव्हती, मजुरी तर तुटपुंजीच होती. ताकद ह्यात होती की काम मागणं हा हक्क झाला, पुढाऱ्याची मेहरबानी नाही राहिली. खडी फोडणाऱ्या बाईला तो फरक कळतो बरोब्बर.

प्रश्न (रत्नागिरी) : आपणही भूतानसारखं जीडीपी सोडून सुख मोजायला लागावं का?

मोजावं, पण भूतानला फार डोक्यावर घेऊ नका. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात कल्पना मांडली, २००८ च्या घटनेत ती आली, शिक्षण-आरोग्य फुकट, जंगल राखलं, सगळं खरं. पण त्याच राजवटीत १९९० च्या सुमारास जवळपास लाखभर नेपाळीभाषक लोक देशाबाहेर गेले आणि वर्षानुवर्षं नेपाळच्या निर्वासित छावण्यांत राहिले, त्यांचं सुख कुठल्या रकान्यात धरायचं? आणि आज तिथली शिकलेली पोरं ऑस्ट्रेलियाला जातायत, नोकरी नाही म्हणून.

प्रश्न (बाझेल, स्वित्झर्लंड) : मी मूळची सोलापूरची, इथे बरीच वर्षं आहे. पगार, रस्ते, ट्रेन, सगळं उत्तम. तरी शेजारची आजी जितकी निवांत दिसते तितकी मी नाही. दर थोड्या महिन्यांनी तिच्याकडे मतदानाचा लिफाफा येतो, माझ्याकडे नाही. ह्याचा काही संबंध असू शकतो की मी उगाच काहीतरी जोडतेय?

उगाच नाही जोडत आहेस. ब्रूनो फ्राय आणि आलोईस स्टुट्झर हे तुझ्याच देशातले अर्थशास्त्रज्ञ, त्यांनी २००० मध्ये सहा हजारांवर लोकांची माहिती घेऊन बघितलं की २६ कॅंटन, म्हणजे तिथली राज्यं, आहेत, काहींत लोकांना थेट मतदानाने कायदा अडवायचा, खर्च मंजूर करायचा अधिकार जास्त, काहींत कमी. जिथे जास्त तिथे लोक जास्त समाधानी निघाले, उत्पन्नाचा फरक वजा करून सुद्धा. आता कुणी म्हणेल की तिथे रस्ते-शाळा चांगल्या होत असतील म्हणून. म्हणून त्यांनी परदेशी रहिवासी वेगळे काढून बघितले, रस्ते-शाळा त्यांनाही मिळतात पण मत देता येत नाही. त्यांनाही फायदा दिसला, पण नागरिकांपेक्षा बराच कमी. म्हणजे निर्णय चांगला लागणं हे एक सुख, आणि आपल्याला विचारलं जाणं हे दुसरं सुख. त्या आजीलाही ते फुकट मिळालेलं नाही बरं का, स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मत १९७१ ला मिळालं, आपल्याकडे पहिल्याच निवडणुकीपासून होतं.

इथे वाचणाऱ्यांसाठी ह्याचा अर्थ काय, तर विधानसभा-लोकसभेच्या गोंगाटात आपण जवळचं मत विसरतो. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासक होता. पुणे, नागपूर, कितीतरी शहरांत तसंच होतं. नगरसेवकांना आपण शिव्या घालतो, त्यातल्या बऱ्याच त्यांनी कमावलेल्याही असतात, पण गटार तुंबलं की रात्री दहाला ज्याच्या दारात जाऊन भांडता येतं असा तोच एक असतो. प्रशासकाच्या दारात कोण जाणार? डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलेलं, की राजकारणात एक माणूस एक मत असेल आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात विषमता, ही विसंगती फार दिवस चालू राहिली तर लोकशाहीच धोक्यात येईल. विषमता तर आहेच, निदान ते एक मत तरी वेळेवर द्यायला नको का.

प्रश्न (कोल्हापूर) : मुंबईत लोकलमध्ये पाकीट राहिलं, तिसऱ्या दिवशी एकाने फोन करून पैशासकट परत दिलं. ह्याचं काही अर्थशास्त्र आहे का हो?

आहे की, आणि मुंबईचं नावही आहे त्यात. २०१३ ला रीडर्स डायजेस्टने जगातल्या शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं मुद्दाम टाकून बघितली, आत पैसे, घरचा फोटो, फोन नंबर. हेलसिंकीत ११ परत आली. दुसरा नंबर मुंबईचा, ९. बारा पाकिटांवरून शहराची पत ठरवू नये हे मलाही कळतं, पण २०२५ च्या आनंद अहवालात ह्याच विषयावर मोठं प्रकरण आहे, आणि त्यात निघालंय की हरवलेलं पाकीट परत मिळेल असा विश्वास ज्यांना वाटतो ते लोक जास्त सुखी असतात, आणि लोकांना जितकी वाटतात त्याच्या जवळपास दुप्पट पाकिटं प्रत्यक्षात परत येतात. म्हणजे आपण एकमेकांना आहोत त्यापेक्षा चोर समजतो. सगळ्यात खाली लिस्बन होतं, १२ पैकी एक, आणि ते परत करणारं जोडपंही नेदरलँड्सहून फिरायला आलेलं.